आत्मसन्मान वाटता येतो का?

पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्यात दोन प्रकारची गर्दी उतरते. एक भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजायला जाते. दुसरी गळ्यात कंपनीचा पट्टा घालून रिसॉर्टच्या बँक्वेट हॉलमध्ये जाऊन बसते. या दुसऱ्या गर्दीत मी आजवर तीन-चार वेळा होतो. कंपन्या बदलल्या, रिसॉर्ट बदलले, कार्यक्रम तोच राहिला. सकाळी पोहे, मग बाहेरून बोलावलेला ट्रेनर, मग डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, रात्री डीजे. मध्ये कुठेतरी एक स्लाइड हमखास येते : 'तुमच्या टीमचा आत्मसन्मान वाढवा, आदर आपोआप मिळेल.' खाली पाच मुद्दे. कौतुक करा, नावानं हाक मारा, ऐकून घ्या, वाढदिवस लक्षात ठेवा, चूक एकांतात सांगा. आणि आपण मावळात आहोत म्हटल्यावर शेवटी 'आपण सगळे मावळे' हे वाक्य येतंच.

मुद्दे वाईट नाहीत. चारचौघांत ओरडणाऱ्या साहेबापेक्षा एकांतात बोलणारा साहेब कधीही बरा. तरी त्या स्लाइडमध्ये काहीतरी गडबड आहे असं मला दरवेळी वाटतं. आत्मसन्मान असा वरून खाली वाढता येतो का, पंगतीत जिलबी वाढल्यासारखा? आणि साहेबानं वाढलेला असेल, तर त्यातला 'आत्म' कुठे गेला? जे तो देऊ शकतो ते तो काढूनही घेऊ शकतो. मग ते माझं कसं?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली आलेल्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या पुस्तकात माणसाला आयुष्यात लागणाऱ्या मूलभूत गोष्टींची यादी केली आहे. हक्क, स्वातंत्र्य, संधी, उत्पन्न. त्यात बहुधा सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी आत्मसन्मान मानली. मात्र एक बारकावा त्यांनी सांभाळला. समाजाला आत्मसन्मान वाटता येत नाही. तो ज्याच्यावर उभा राहतो तो पाया वाटता येतो. मला हा फरक फार उपयोगाचा वाटतो, आणि तो ऑफिसलाही लागू आहे. टीम लीड, मॅनेजर, मालक, मुकादम, कुणीही असो, तो समोरच्याला आत्मसन्मान देऊ शकत नाही. तो पाया देऊ शकतो, किंवा पायाखालची माती काढून घेऊ शकतो. बहुतेक वेळा आपल्या अनुभवाला येतो तो दुसरा प्रकार.

हा पाया कशाचा असतो, हे शोधायला बँक्वेट हॉलच्या बाहेर पडावं लागतं. फार लांब जायची गरज नाही. खंडाळा, कोंडाणे, कार्ला, तळेगाव, एवढ्या टापूत बरीचशी उत्तरं सापडतात.

आधी मजुरी

मुंबईहून पुण्याला येताना कर्जतनंतर गाडी घाट चढायला लागते. कितीही घाई असली तरी लोक खिडकीशी येतात. धबधबे, धुकं, बोगदे, रील. हा मार्ग बांधायला १८५६ साली सुरुवात झाली आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते तो सुरू झाला. २५ बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा कमाल चढ. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. त्या काळात जगात कुठेही मिरवावं असं काम होतं.

पण हे काम मध्येच एकदा हातघाईवर आलं होतं. घाटाचा ठेका विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होता. मुंबई-ठाणे या देशातल्या पहिल्या प्रवासी मार्गाच्या बांधकामातही तो होता, म्हणजे माणूस नवशिका नव्हता. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि सगळ्यांत खाली हजारो मजूर. वरून निघालेला पैसा खाली पोचेपर्यंत थकायचा, कापला जायचा. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम संपला आणि थकलेल्या मजुरीसाठी त्यांनी कामावरच्या युरोपियन अधिकाऱ्यांवर हल्ला केला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत फॅव्हिएलनं ठेका सोडला.

१८६० साली रेल्वे, कालवे अशा कामांवरचे मजुरीचे तंटे झटपट सोडवण्यासाठी सरकारनं कायदाही केला. त्यात एक गोम होती. मजुरी न देणं हा 'तंटा' ठरला. पण काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षा होऊ शकत होती. पैसे बुडवणारा आणि घाम गाळणारा यांच्याकडे कायद्यानं किती वेगळ्या नजरेनं पाहिलं, ते यातून कळतं.

ही गोष्ट मी आधी घेतली कारण आत्मसन्मानावरच्या स्लाइडमध्ये पगार कधीच नसतो. पगार हा 'एचआरचा विषय' आणि आत्मसन्मान हा 'कल्चरचा विषय', अशी आपण वाटणी करून टाकली आहे. ती खोटी आहे. केलेल्या कामाचे पैसे मागायला लावणं हा माणसाला लहान करण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग आहे. ऑफिसात हाउसकीपिंग करणाऱ्या मावशी एका एजन्सीच्या पगारावर असतात, एजन्सीचं बिल कंपनीकडे अडकलेलं असतं, आणि महिन्याच्या पंधरा तारखेला त्या भिंतीशी उभं राहून फोनवर हळू आवाजात कुणाला तरी 'आज-उद्या होईल' सांगत असतात. त्याच भिंतीवर 'पीपल फर्स्ट' लिहिलेलं असतं. तिथे मावशींना नावानं हाक मारली आणि महिला दिनाला गुलाब दिला, तर त्यांच्या मानात काय भर पडते? हक्काची गोष्ट हक्कानं मिळाली की माणूस ताठ उभा राहतो. तीच गोष्ट उपकार म्हणून मिळाली की पाठ वाकते, रक्कम तीच असली तरी.

म्हणून माझ्या मते पहिला नियम कंटाळवाणा आहे : देणं वेळेवर द्या. पगार, ओव्हरटाइम, कबूल केलेली सुट्टी, प्रवासखर्चाचं बिल. यात कसलंही थोर नेतृत्व नाही, आणि ते नसेल तर पुढचं सगळं पोकळ आहे.

मग नाव

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. सांगतात ते असं : इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली. डोंगर त्याच्या पायाखालचा होता. काम झाल्यावर साहेबानं विचारलं, काय बक्षीस हवं? तो म्हणाला, माझा देश मोकळा करा. साहेबानं त्याला गोळी घातली. कुणी ही गोष्ट रस्त्याची सांगतात, कुणी रेल्वेची. ती दंतकथा आहे आणि तशीच ती घ्यावी. पण दंतकथा उगाच टिकत नाहीत. वाट ज्यानं दाखवली त्याचं नाव कागदावर कुठेच नाही, ही बोच लोकांच्या मनात होती, म्हणून त्यांनी त्याचं देऊळ बांधलं.

कागदावर कोण आहे? बर्कली, फॅव्हिएल, फ्रिअर. मजूर येतात ते संख्येनं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. पटकीनं, तापानं, सुरुंगानं आणि कड्यावरून पडून हजारो मेली. त्यांतलं एकही नाव गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.

आता याच डोंगरात आणखी मागे जाऊ. राजमाचीच्या पायथ्याला, कर्जतच्या बाजूला, कोंडाणे लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची. चैत्यगृहाच्या डाव्या बाजूला एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. त्याचा अर्थ एवढाच : कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं.

माझ्यासारख्या रोज गिट वापरणाऱ्या माणसाला हे वाक्य बघताक्षणी ओळखीचं वाटतं. गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर दोन नावं नोंदवता येतात. एक ज्यानं कोड लिहिला त्याचं, दुसरं ज्यानं तो भांडारात दाखल केला त्याचं. दोघं वेगळे असू शकतात, हे २००५ साली गिट बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. बलक हा लिहिणारा आणि कण्ह हा शिकवणारा. दोघांनाही जागा आहे, आणि 'केलं' हे क्रियापद बलकाचं आहे.

यात आणखी एक गंमत आहे. कण्ह कोण होता, त्यानं स्वतः काय घडवलं, हे आपल्यापर्यंत त्या लेखातून पोचत नाही. त्याचं नाव उरलं ते शिष्यानं आपल्या नावाच्या आधी ते लिहिलं म्हणून. कण्हानं त्या जागी स्वतःचं नाव कोरायला लावलं असतं, तर आपल्याला एक नाव मिळालं असतं. आज दोन मिळाली, आणि त्या दोघांमधलं नातंही मिळालं. आदर आणि आत्मसन्मान एकाच वाक्यात कसे राहू शकतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात तर नावांची गर्दी आहे. खांब कुणी दिले, दार कुणी दिलं. एक व्यापारी, एक अत्तरवाला, काही यवन. आणि त्यांच्यात दाराच्या कामाशी जोडलेलं एक नाव आहे : धेनुकाकट गावचा सुतार सामि, वेणुवासाचा मुलगा. पैसे देणाऱ्या शेठजींच्या रांगेत एका सुताराचं नाव, तेही बापाच्या नावासकट. एकवीरेला जाणारी हजारो माणसं रोज त्या दाराजवळून जातात.

आपल्या ऑफिसांत काय होतं? माझ्या एका मैत्रिणीनं सहा आठवडे खपून एका जुन्या पेमेंट सिस्टिमचा वेग दुपटीहून जास्त वाढवला. क्लायंटसमोर डेमो झाला तेव्हा तिचा मॅनेजर म्हणाला, "आम्ही हे केलं." ती कॉलवर होती, म्यूट. नंतर त्यानं तिला खासगी मेसेज केला : 'ग्रेट जॉब!' सोबत रॉकेटचं चित्र. म्हणजे कौतुक झालं, एकांतात झालं, नावानिशी झालं. स्लाइडवरचे तीन मुद्दे पूर्ण. आणि तरी त्या दिवशी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं होतं. ती म्हणाली, "त्यानं शिवी दिली असती तर मला भांडता तरी आलं असतं." दोन महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कारण लिहिलं : वैयक्तिक.

'आम्ही' हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. अपयश आलं की त्यात सगळे येतात आणि यश आलं की एकटा बोलणारा. चांगला लीड हा शब्द उलटा वापरतो.

आणि निर्णय

नाव दिलं, पैसे दिले, तरी एक गोष्ट राहते. मी करतो त्या कामात माझी बुद्धी चालते का?

फॅव्हिएल गेल्यावर घाटाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल याला मिळाला. तो १८५९ मध्येच भारतात आला आणि काही आठवड्यांतच आजारानं वारला. मागे बायको, ॲलिस. ती इंग्लंडला परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं ठेका चालू ठेवला. पण आपल्याला बोगद्यांतलं सगळं कळतं असा आव तिनं आणला नाही. फॅव्हिएलकडे काम केलेले दोन अनुभवी इंजिनियर, ॲडमसन आणि क्लाउझर, यांच्याकडे तिनं काम सोपवलं, आणि ते पुरं झालं. ज्याचा ठेका बुडाला त्याचीच माणसं तिनं विश्वासानं घेतली, हे मला विशेष वाटतं. आपल्याकडे नवा डायरेक्टर आला की पहिलं काम काय करतो? आधीच्याची माणसं बाजूला करतो.

ॲलिसला देवी करायचं कारण नाही. खालचे मजूर तिच्याही काळात मरतच होते. विश्वास इंजिनियरांपर्यंत पोचला, टोपलीवाल्यापर्यंत पोचला नाही. ही त्या काळाची मर्यादा म्हणून सोडून देता येते, पण आजच्या ऑफिसातही विश्वास साधारण त्याच पायरीवर येऊन थांबतो. सीनियर आर्किटेक्टला विचारलं जातं. टेस्टिंगवाल्या मुलीला तारीख सांगितली जाते.

विचारणं म्हणजे काय, हे एका अभ्यासामुळे मला नीट समजलं. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिका रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. कारण शोधल्यावर कळलं, की तिथली माणसं चुका उघड बोलत होती. बाकीच्या ठिकाणी त्या लपवल्या जात होत्या.

आता हे आपल्या स्टँडअपला लावून बघा. 'हे दोन दिवसांत होणार नाही' असं एखादी ज्युनिअर मुलगी म्हणू शकते का? म्हणाली तर पुढच्या अप्रेझलमध्ये ते वाक्य 'ॲटिट्यूड' म्हणून परत येतं का? ज्या टीममध्ये 'नाही' म्हणता येतं, तिथल्या 'हो' ला किंमत असते. बाकीच्या ठिकाणी सगळे 'हो' म्हणतात आणि रात्री दीडला प्रोडक्शन पडतं.

हेगेलनं १८०७ साली मालक आणि दास यांच्या नात्यावर जे लिहिलं, त्याचं सार इथे आठवतं. मालकाला दासाकडून मान हवा असतो. पण ज्याला आपण माणूस म्हणून मोजतच नाही, त्यानं दिलेल्या मानाची चव कशी लागणार? घाबरून म्हटलेलं 'साहेब' साहेबालाही आतून ठाऊक असतं. म्हणून तो ते पुन्हा पुन्हा ऐकायला मागतो. कॅबिन मोठी करतो, मेलमध्ये हुद्दा ठळक करतो, मीटिंगला दहा मिनिटं उशिरा येतो. आदर हवा असेल तर तो देणारा माणूस आधी मोकळा असावा लागतो. 'तुमचं चुकतंय' म्हणू शकणारा माणूस जेव्हा 'तुमचं बरोबर आहे' म्हणतो, तेव्हाच ते ऐकण्यासारखं असतं.

कडक साहेबांचं काय?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. आपल्यातल्या अनेकांनी सगळ्यांत जास्त आदर ज्यांचा केला ते कौतुक करणारे नव्हतेच. वर्कशॉपमधले ते सर, ज्यांनी फाइलिंगचा जॉब तीनदा परत करायला लावला. पहिल्या नोकरीतला तो सीनियर, ज्यानं कोड रिव्ह्यूमध्ये पस्तीस कॉमेंट टाकल्या. मग हे सगळं गोड बोलणं कशाला?

स्टीफन डार्वल या तत्त्वज्ञानं १९७७ साली आदराचे दोन प्रकार वेगळे केले. एक, माणूस म्हणून प्रत्येकाला मिळायलाच हवा तो. दुसरा, गुण पाहून, काम जोखून दिला जातो तो. पहिला कमवावा लागत नाही, दुसरा फुकट मिळत नाही. कडक सर दुसऱ्यात काटेकोर होते, पण पहिल्यात त्यांनी कधी कमी केलं नाही. ते जॉबला नावं ठेवत, पोराला नाही. तीनदा परत करायला लावण्यात त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : हा पोरगा हे करू शकतो. ते गृहीत धरणं हाच मान होता. याउलट जो सगळ्याला 'सुपर, ऑसम' म्हणतो, त्यानं तुमचं काम वाचलेलंच नसतं. पस्तीस कॉमेंट टाकणाऱ्यानं वाचलेलं असतं.

खोट्या कडक माणसाची खूण सोपी आहे. त्याची पस्तीस वाक्यं कोडबद्दल नसतात, तुमच्याबद्दल असतात. 'ही ओळ चुकली' आणि 'तुला एवढंही कळत नाही' यांत अंतर फार थोडं दिसतं, पण एका वाक्यानं काम सुधारतं आणि दुसऱ्यानं माणूस काम दाखवणंच बंद करतो.

सुटून जाता येईल इतकं शिकवणं

घाट चढताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात. ती गाडीला ढकलत वर आणतात आणि लोणावळ्याला सुटतात. एसी डब्यात झोपलेल्यांना त्याचा पत्ताही नसतो. पुढारी असा असावा, मागून ढकलणारा, असं पुष्कळ जण सांगतात. मला त्यातली 'सुटतात' ही क्रिया जास्त महत्त्वाची वाटते. चढ संपल्यावर इंजिनं मागे लागूनच राहिली, तर पुण्यापर्यंत ती नुसतं ओझं होतील.

तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून हा फंड उभा केला होता आणि टिळकांचा त्याला पाठिंबा होता. कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. ते जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. त्या काळी काच फुंकण्याची कला बरीचशी परदेशी कारागिरांच्या हातात होती, आणि कारागीर गेला की कारखाना बसायचा. तळेगावचा कारखाना म्हणून कारखान्याबरोबर शाळाही होता. तिथे शिकलेली माणसं देशात ठिकठिकाणी गेली आणि त्यांनी काचेचं काम उभं केलं. वार्ष्णेयांनीही पुढे उत्तर प्रदेशात काच कारखाना काढला.

आजच्या भाषेत याला 'ॲट्रिशन' म्हणतात आणि त्यावर एचआरच्या मीटिंगा होतात. 'शिकवलं तर सोडून जातील' ही भीती मी किती मॅनेजरांच्या तोंडून ऐकली आहे. म्हणून मग एखाद्याला तीन वर्षं त्याच मोड्यूलवर ठेवलं जातं, क्लायंट कॉलवर बोलू दिलं जात नाही, पासवर्ड एकाच माणसाकडे राहतात. पैसा फंडानं उलटा हिशोब मांडला. माणूस इथून जाताना हातात कला घेऊन गेला, तर तो आपला तोटा मानला नाही.

आणि तळेगावातच या हिशोबाची दुसरी बाजूही आहे. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. २०२३ मध्ये तो घेण्याचा करार ह्युंदाईनं केला. मधल्या काळात हजाराहून अधिक कामगार भरपाईसाठी आणि पुन्हा कामावर घेण्यासाठी झगडत राहिले. या भागात 'कंपनीत आहे' हे वाक्य लग्नाच्या बायोडाटात वरच्या ओळीत असतं. एका नोटिशीनं ती ओळ पुसली गेली.

आपल्या आयटीत नोटीसही नसते. सकाळी लॅपटॉप उघडत नाही आणि पर्सनल मेलवर एचआरचं पत्र असतं. ज्याचा आत्मसन्मान ॲक्सेस कार्डाला टांगलेला होता, त्याचं त्या सकाळी दोन्ही जातं. याच कारणासाठी 'साहेबानं आत्मसन्मान वाढवावा' ही कल्पना मला धोक्याची वाटते. जो लीड टीमला आपल्या कौतुकाची सवय लावतो, तो चांगल्या मनानं का होईना, त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज स्वतःच्या खिशात ठेवतो. तो गेला, बदलला, रागावला, की माणसं कोसळतात. आपल्या शाबासकीवाचूनही स्वतःचं काम जोखता येणारी माणसं तयार करणं, हे अवघड आणि थोडं एकाकी काम आहे. ते करणाऱ्याला रोज कुणी टाळ्या देत नाही. त्याला आदर मिळतो तो उशिरा, आणि बहुधा त्याच्या पाठीमागे. दहा वर्षांनी कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणतं, 'हे मला त्यांनी शिकवलं.' बलकानं तेच दगडावर लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या बॅचचा एक मित्र सात जणांचा लीड झाला. त्यानं फोन करून विचारलं, "पहिल्या दिवशी काय बोलू?" त्याच्याकडे कुठल्याशा ट्रेनिंगची स्लाइड तयारच होती. मी म्हणालो, बोलू नको, विचार. एकेकाला बाजूला घे आणि विचार, तुझं काय अडकलंय? कुणाचं बिल अडकलं असेल, कुणाची गावची सुट्टी, कुणाचं नाव एखाद्या रिपोर्टमधून गळलं असेल, कुणाला एकदा तरी क्लायंटशी स्वतः बोलायचं असेल. सातातली चार कामं तुझ्या हातातली निघतील. ती आठवड्यात कर. उरलेल्या तिघांना 'माझ्या हातात नाही' असं सरळ सांग, खोटी आशा लावू नको.

"आणि मोटिव्हेशन?" तो म्हणाला.

ते त्यांचं त्यांच्याकडे असतं. तू वाटेत उभा राहू नकोस, म्हणजे झालं.